संक्रांतीला लुटलेले शब्द

तो शब्द आता आमच्या घरी नाही हो विजयमालाबाई, तो गौरम्माकडं गेला — मागच्या संक्रांतीला मीच दिला तिला, नवसाचा होता. नवसाचा म्हणजे — बसा की, उभ्या का, त्या खुर्चीवर बसा, ह्यांचीच आहे पण हे आता आतल्या खोलीतच असतात — नवसाचा म्हणजे असं, की ह्यांना विषमज्वर झाला होता तेव्हा मी सिद्धरामेश्वराच्या तळ्याकडं तोंड करून बोलले होते, की देवा, हा माणूस अंथरुणातून उठू दे, ह्यांची घरातली सगळ्यात आवडती वस्तू मी येत्या संक्रांतीला वाण म्हणून लुटीन. दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट, सव्वा वर्ष झालं. आणि उठले की हो. मार्गशीर्ष संपायच्या आत पेज प्यायला लागले, पौषात काठी टेकत अंगणात आले. देवानं त्याचं केलं. आता माझं राहिलं.

तुम्ही वरच्या खोलीत नवीन, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवता, तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार की खाली वेणीमाधव मास्तर राहतात, जुने, कुणालाच न येणारे इंग्रजी शब्द त्यांना येतात, अडलं तर त्यांना विचारा — बरोबर सांगितलं, पण वर्षापूर्वीचं सांगितलं. तेव्हा विचारलं असतं तर उठूच दिलं नसतं तुम्हाला. अप्रिसिटी म्हणालात ना? हो, मला येतो त्याचा अर्थ. थंडीच्या दिवसांत अंगाला लागणारी उन्हाची ऊब. तुम्ही दचकू नका, नुसतं नाव घेतलं तर चालतं, मी आमच्या भटजींना, रामहरी गुरुजींना विचारून घेतलंय — दुसऱ्याच्या भांड्याचं नाव घेतलं म्हणून काही ते वापरलं असं होत नाही. उन्हात बसून म्हणायचा नाही, एवढंच. उन्हात बसून तो गौरम्मानं म्हणायचा. म्हणते बिचारी. सकाळी कट्ट्यावर बसते, पाय लांब करते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, बर्री, या, बसा, अप्रिसिटी आहे. तिचं मराठी यथातथाच, घरात सगळं कानडी, पण हा शब्द असा म्हणते की घरचाच वाटावा. तुम्हाला वर्गात वापरायचा असला तर तिला एकदा विचारा. निळं दार, तिसरं घर. नाही म्हणायची नाही ती.

आवडती वस्तू कोणती, हाच घोळ झाला बघा. मला आधी वाटलं अडकित्ता. म्हणून तो लपवून पाहिला — ह्यांनी दोन दिवस सुपारी दातांनीच फोडली, विचारलंसुद्धा नाही. मग रेडिओ उचलून कपाटावर ठेवला, तर म्हणाले, बरं झालं, डोकं शांत झालं. म्हटलं खुर्ची असेल, खुर्ची अंगणात नेली, तर हे अंगणात जाऊन बसले. आणि मग मला तापातलं आठवलं. ताप चढला होता ना, तेव्हा माणूस काय बोलतो — आईला हाक मारतो, देवाचं नाव घेतो, पैसे कुणाकडं आहेत ते सांगतो. हे नुसते शब्द म्हणत होते. एकेक शब्द, मग त्याचा अर्थ, मग पुढचा. डॉक्टर नाडी धरून बसले होते, ते मला म्हणाले, काकू, हे कुणाशी बोलतायत? मी म्हटलं, बोलत नाहीत, मोजतायत.

सवयच होती ती. रोज सकाळी जुन्या शब्दांच्या पुस्तकातून एक शब्द काढायचे आणि दिवसभर घरात तो चालवायचे. सकाळचं खाणं मागायचं झालं तरी सरळ कधी मागितलं नाही — आज जेंटॅक्युलर काय आहे? जेंटॅक्युलर म्हणजे सकाळच्या फराळाचं, फराळासंबंधीचं. मी म्हणायचे, जेंटॅक्युलर भाकरी आहे आणि शेंगाची चटणी. ते खूश. मांजर ताटाकडं बघत बसलं की म्हणायचे, बघ, ग्रोक करतंय. म्हणजे न बोलता, दुसऱ्याच्या घासाकडं आशेनं बघत बसणं. इंग्रज साहेबाकडं ह्यालासुद्धा शब्द होता म्हणे, मग त्यांनीच तो टाकून दिला. हे म्हणायचे, टाकलेली लेकरं आहेत ही, मी उचलून आणली. आता अशी माया माणूस अडकित्त्यावर करतो का? मग मी ठरवलं — शब्दच.

पाप वाटत असेल तुम्हाला, पण नवस आहे तो, त्यात हातचं राखून चालत नाही. रामहरी गुरुजींकडं गेले. वस्तू कोणती ते सांगितलं नाही, त्यांना बापड्यांना वाटलं वाट्या असतील. ते म्हणाले, हळदकुंकू लावायचं, तीळगूळ द्यायचा, वाण समोरचीनं पदरात घ्यायचं. आणि एकदा दिलेलं वाण आपल्या घरात परत वापरायचं नाही, नाहीतर दिलंच नाही असं होतं. झालं. संक्रांतीला बायका आल्या, मी एकेकीच्या कानात शब्द सांगितला, अर्थ सांगितला, आणि तिनं पदर पुढं केला. कुणीही हसलं नाही, खरं सांगते. दगडाबाई तेवढी म्हणाली, "वहिनी, ह्यो झिजतो का?" मी म्हटलं, नाही. "मग वाट्यांपरीस बरा की."

दगडाबाई विड्या वळते, तिला मी मंडंगस दिला. मंडंगस म्हणजे घाण वासाची तंबाखू — तिच्या कामाचा, म्हणून दिला, वाण उपयोगी पडावं माणसाला. आणि पडला. तिनं कारखान्यात जाऊन मुकादमाला तोंडावर सांगितलं, "ही तंबाखू मंडंगस हाय, मी वळणार न्हाय." मुकादम म्हणाला, म्हणजे काय गं? "त्ये माजं वाण हाय, तुमाला कशापायी सांगू?" त्याला वाटलं सरकारी काहीतरी आलंय, इंग्रजीतून आलंय म्हणजे वरून आलंय. दुसऱ्या दिवशी पोतं बदललं. आता सगळ्या बायका तिला म्हणतात, आमच्या पोत्याचं बी बघ की, मंडंगस हाय का न्हाय. वास घेते आणि सांगते.

बजाबाई दृष्ट काढते पेठेत सगळ्यांची, तिला आयबाइट दिला. नजरेनं बाधणं. मला तर फार बरं वाटलं होतं तो शब्द कळला तेव्हा, म्हटलं साहेबाच्या लेकरांनाही लागत होती तर. आता मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या की बजाबाई सांगते, "साधी न्हवती, आयबाइट हुती," आणि नारळ जास्तीचा घेते. एकनाथची गारेगारची गाडी आहे ना चौकात, त्याच्या बायकोला, यशोदाला, स्नोब्रॉथ दिला — वितळलेल्या बर्फाचं पाणी. हा कुणाला द्यावा हे मला फार दिवस कळत नव्हतं, सोलापुरात बर्फ कुठला पडायला. पूर्वी एकनाथ गाडीच्या तळाचं ते तांबडं पाणी गटारात ओतायचा, आता ग्लासात घालून स्नोब्रॉथ म्हणून देतो. पितात लोक. आणि शांतम्माचा नवरा शिंपी, कधीही जा, परवा या म्हणणार, बायका भांडायच्या — तिला मी ओव्हरमॉरो दिला. परवाच तो. साहेबाकडं परवाला एक शब्द होता आणि तोही त्यांनी टाकला, आता ते म्हणे चार शब्द जोडून परवा सांगतात. शिंपी आता म्हणतो, झंपर ओव्हरमॉरो मिळेल. कुणी भांडत नाही. काहीतरी नक्की सांगितलंय असं वाटतं ना.

पुस्तक? पुस्तकही दिलं की. इतके शब्द, इतक्या सुवासिनी कुठून आणायच्या — मग मी उरलेसुरले सगळे एकदमच दिले, पुस्तकासकट, नारळ ठेवून, रामहरी गुरुजींच्या मालतीबाईंना. त्यांच्या दळणाच्या डब्याखाली आहे ते, डबा डुगडुगत होता.

ह्यांना मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. फराळाला बसले, आज जेंटॅक्युलर — म्हणाले, मी म्हटलं, थांबा, तो मंगळवार पेठेत गेला, भागीरथीला दिला. आधी हसले. खूप हसले. कुणाकुणाला काय दिलं ते विचारून घेतलं, मंडंगसला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, जिंकलं. मग हसणं थांबलं आणि म्हणाले, म्हणजे आता मी ते वापरायचे नाहीत. मी म्हटलं, गुरुजी तसं म्हणाले. ह्यांचा देवावर विश्वास नाही हो, उभ्या जन्मात देवळात गेले नाहीत, सिद्धरामेश्वराच्या यात्रेतली नंदीध्वजाची मिरवणूक दारावरून जाते तेव्हा हे आत वाचत बसतात. मला वाटलं हे म्हणतील, असलं काही मी मानत नाही. मी त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. तर म्हणाले, तुझ्या नवसानं उठलो असं तू समजतेस ना, मग तो मोडला तर तू मला रोज सकाळी मेलेलाच समजशील. नाही वापरायचे. दिले ते दिले.

आणि पाळलं की हो. अप्पासाहेबांच्यापेक्षा कडक पाळलं — अप्पासाहेब म्हणजे आमचे मामंजी, चातुर्मासात कांदा नुसता दिसला तरी आंघोळ करायचे. एकदा चुकून ओव्हरमॉरो म्हणून गेले दूधवाल्याला, तर चप्पल घालून शांतम्माकडं गेले, दारात उभं राहून म्हणाले, बाई, तुमचा शब्द माझ्या तोंडून गेला. शांतम्मा घाबरली. म्हणाली, असू द्या मास्तर, एवढ्या खेपेला. ते परत आले ते आपले घाम पुसत.

असं होता होता बोलणं कमी झालं. वाक्याला सुरुवात करायचे, मध्येच शब्द यायचा ओठांवर, तो कुणाचा ते आठवायचं, की थांबायचे. आज उन्हात बसलं की कसं छान — पुढं काही नाही. ते मांजर बघ कसं — आणि गप्प. मी म्हणायचे, अहो साध्या मराठीत म्हणा की. म्हणाले, साध्या मराठीत ते मांजर नुसतं बसलंय. श्रावणापर्यंत हूं, नको, पुरे एवढंच राहिलं. दिवाळीनंतर तेही नाही. मान हलवतात. डॉक्टर आले होते, घसा बघितला, छाती बघितली, म्हणाले, काकू, माणूस ठणठणीत आहे. मी म्हटलं, ते मलाही दिसतंय, पण तुम्ही वाचवलेला माणूस हा नव्हे. मी माणूस मागितला होता देवाकडं, आणि माणसाचं बोलणं देऊन बसले.

एक शब्द तर — नाही, काही नाही. असंच. सांगू? तुम्ही परक्या नाही आता, एकाच जिन्याच्या आपण. लग्न होऊन आले तेव्हापासून हे मला एक म्हणायचे. बेलीबोन. स्वयंपाकघरातून बाहेर आले की, आली बेलीबोन. पाणी हवं असलं की, बेलीबोन. सगळ्या शब्दांचे अर्थ सांगितले, ह्या एकाचा कधी सांगितला नाही, विचारलं की म्हणायचे, आहे एक स्वयंपाकघरातलं. मला वाटायचं पळी असेल. नाहीतर फोडणीचा खमंग वास, तसलं काहीतरी. मग पळीसारखाच मी तो दिला — शेजारच्या सुंदरम्माला, चांगली पळी म्हणून. मागच्या रथसप्तमीला हळदीकुंकू संपलं तेव्हा ह्यांनी विचारलं, तो कुणाला दिला? म्हटलं, सुंदरम्माला. म्हणाले, बरं. मी म्हटलं, आता तरी सांगा, पळीच ना? तर म्हणाले, रूपानं आणि गुणानं, दोन्हींनी चांगली असलेली बाई.

आता काय म्हणायचं ह्याला. एवढी वर्षं मी पळीच समजत होते. कधीकधी रागानं म्हणायचे सुद्धा, मी काय तुमची पळी आहे का.

आता नरसय्या म्हणतो तिला. सुंदरम्माचा नवरा. घरातच माग आहे त्यांचा, दिवसभर खटखट चालते, आणि त्या खटखटीतून ओरडतो, बेलीबोन, धोटा दे. चांगला माणूस आहे, प्रेमानं म्हणतो, अर्थ मी जाऊन सांगितला होता त्यांना, वाण द्यायचं तर नीट द्यावं. सुंदरम्मा लाजली केवढी. मी जाते तिच्याकडं अधूनमधून — कधी खळ मागायला, कधी नुसतीच. बसते मागाजवळ. त्यानं हाक मारली की माझीही मान वळते. तिच्या लक्षात आलंय. परवा ती म्हणाली, वदिना — तेलुगूत वहिनी — परत घ्या हो तुमचं. मी म्हटलं, छे, वाण परत घेतात का कधी. देवाला काय वाटेल.

माझं जाऊ द्या. मला कोण काही म्हणालं नाही तरी भाकरी थापायची ती थापतेच. पण ह्यांचं — मी पुन्हा रामहरी गुरुजींकडं गेले, ह्या वेळी सगळं सांगितलं. ते आधी देवघरात जाऊन आले. मग म्हणाले, दिलेलं परत येणार नाही, पण दुसरीनं तुमच्या पदरात वाण घालायला काय हरकत आहे? ते तुमच्या घरात चालेल. मला सुचलंच नव्हतं बघा, मी आपली देतच सुटले होते. मग मी मागायला लागले. वळसंगला माझी चुलतसासू आहे, तिनं दिले पुष्कळ, जात्याचे, मोटेचे, जुने शब्द. हे ऐकून घेतात, मान हलवतात, पण त्यांना ते येतात हो, त्यांच्या आईचेच ते. ह्यांना नवा हवा. न भेटलेला. आणि इंग्रजीच हवा, आणि त्या पुस्तकात नसलेला हवा, कारण पुस्तक मालतीबाईंचं. असा शब्द सोलापुरात कुणाकडं असायचा?

तुम्ही आलात तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण म्हटलं, नवीन माणूस, लगेच मागू नये. मग गेल्या रविवारी काय झालं — तुमचे यजमान रविवारी बार्शीहून येतात ना, बँकेत आहेत म्हणालात — ते जिना चढता चढता तुम्हाला हाक मारतात. नाव नाही घेत तुमचं. एक शब्द म्हणतात. इंग्रजीच आहे, पण आमच्यातला नाही, मी सगळे ओळखते. अर्थ नका सांगू मला. गेल्या रविवारी तो आतपर्यंत ऐकू आला, आणि ह्यांनी मान वर केली. मी समोर भाजी निवडत होते, बघितलं मी. मान वर केली, आणि ओठ हलले — असे, आवाज न काढता, चव घेतल्यासारखे. किती महिन्यांनी. मग दिवसभर दाराकडं कान. संध्याकाळी तुमचे ते गाडीला निघाले, तर हे उठून खिडकीशी उभे राहिले, पुन्हा म्हणतात का बघायला.

लाजू नका हो. मी ऐकायला म्हणून ऐकलं नाही, जिनाच आहे तसा.

आज रथसप्तमी आहे. आजच्या दिवसापर्यंत वाण चालतं, मग वर्षभर नाही. मी केलं तसं तुम्हीही करा, एवढंच मागणं आहे माझं. तुमच्याही मनात काहीतरी असेलच — त्यांची बदली सोलापूरला व्हावी, असं असेल, हो ना? मग बोला नवस. बदली झाली तर आवडती वस्तू देईन म्हणून. आणि आगाऊ द्या, सिद्धरामेश्वर आगाऊही घेतो, आमच्या गौरम्माच्या जावेनं नातवाचं आधी फेडलं होतं. मी दिला तेव्हा मला ठाऊक नव्हतं काय देतेय ते, तुम्हाला ठाऊक आहे, तुमचं पुण्य माझ्याहून मोठं. आणि एकदा बदली झाली, माणूस रोज घरात आला, की त्याला हाक मारायला फार काही लागत नाही, नुसता खाकरला तरी कळतं आपल्याला. फुकट नाही जायचा तो. आत एक माणूस तो रोज सकाळी म्हणेल, दिवसभर घरात चालवेल, मला त्याचा अर्थ सांगेल. ह्या वेळी मी सगळ्यांत आधी अर्थ विचारीन.

हा बघा, पदर पसरला मी. नुसता एकदा म्हणा. हळू नका म्हणू.

उठलात? बरं, उठा. नाही, राग कसला, इतकं सोपं असतं तर मीच कुठं अशी झाले असते. थांबा, कुंकू तरी लावून घ्या, रिकाम्या कपाळानं नका जाऊ. हं. तीळगूळ घ्या. दिवस मावळायला अजून अवकाश आहे, मिलचा भोंगासुद्धा व्हायचाय. इथं समोरासमोर जीभ रेटत नसली तर वर जाता जाता म्हणा, जिन्यातून म्हटलेलं आत चांगलं ऐकू येतं. दार मी उघडंच ठेवते.